'ठाणे' या शब्दात अक्षरं किती?

मित्रहो, पत्रिकेवर विषय छापलाय 'इंटरनेटवरचे शोध आणि आपण विद्यार्थी'. त्याकडे येतेच, पण आधी एक प्रश्न. 'ठाणे' या शब्दात अक्षरं किती? दोन, अगदी बरोबर. संगणकाच्या लेखी मात्र चार चिन्हं: ठ, काना, ण, मात्रा. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या रूढ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट, म्हणजे साठवणुकीची तीन छोटी एककं, लागतात, म्हणजे ठाणे झालं १२ बाइटांचं. रोमन लिपीतलं ठाणे ५ बाइटांत मावतं. आता फॉर्मच्या रकान्याला १० बाइटांची मर्यादा असेल, तर 'ठाण' ९ बाइटांत बसतं, मात्रेचा एकच बाइट आत शिरतो आणि तिथं काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह उमटतं. आपण फॉन्टला नावं ठेवतो. चूक असते रकाना बाइटांत आखणाऱ्याची. एसएमएसचंही तसंच. इंग्रजी संदेशाला १६० अक्षरांची जागा, पण त्यात देवनागरीचं एक चिन्ह आलं की मर्यादा ७० वर येते. शंभर अक्षरांच्या संदेशात एक 'ॐ' घातलात, की दोन एसएमएसचे पैसे.

आपल्याला डिजिटल साधनं शिकवतात म्हणजे बटणं शिकवतात. अक्षर आत कसं राहतं, हे सुटतंच. माझ्या मते मराठीसाठी इंटरनेटवरचा सगळ्यात मोठा शोध तोच आहे: युनिकोड, म्हणजे प्रत्येक चिन्हाला जगभर एकच क्रमांक. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ची. 'क' म्हणजे ०९१५, मग यंत्र कोणतंही असो.

आणि तरीही आजही परिपत्रकं, प्रश्नसंच, स्मरणिका कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप होतात. त्या फॉन्टमध्ये आत मराठी नसतंच. असतात इंग्रजी कळा, त्यांच्यावर मराठी चित्रं चिकटवलेली. अशा फाइलमधला 'ठाणे' कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा, काय येतं? मोठा बी, के, टिंब, के, एस. त्या फाइलमध्ये 'ठाणे' शोधलंत तर सापडणार नाही. दृष्टिहीन विद्यार्थ्याचा स्क्रीन रीडर तेच 'बी के' वाचत बसणार. ज्या शहरात १८९३ पासून मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, तिथं मराठी मजकूर असा कुलूपबंद राहावा, याचं मला फार वाईट वाटतं.

युनिकोडमध्येही एक खाच आहे, ती खास आपली. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या म्हणजे डोंगरातल्या. हा दुसरा र दोन तऱ्हांनी लिहिला जातो: इनस्क्रिप्ट या कळफलकाच्या मांडणीत शिफ्ट धरून जे दाबला की 'ऱ' येतो, मग हलंत आणि य, किंवा साधा र, हलंत, एक अदृश्य जोडचिन्ह आणि य. दिसायला सारखंच, पण क्रमांक वेगळे, त्यामुळे साध्या शोधाला एक सापडतो, दुसरा निसटतो. एका गटानं शब्दसूची करायची असेल तर पहिल्याच दिवशी एक पद्धत ठरवा.

पाच मिनिटं उरल्याची चिठ्ठी आली आहे, तेव्हा कबूल केलेला विषय भरभर घेते. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये सर्न या युरोपीय संशोधन संस्थेत वेबची कल्पना मांडली आणि ३० एप्रिल १९९३ रोजी सर्ननं ती सर्वांना विनामूल्य खुली केली. भारतात सर्वसामान्यांना इंटरनेट मिळालं १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगममार्फत. वेब आणि युनिकोड दोन्ही फोफावले ते खुल्या, सगळ्यांना सारख्या नियमांमुळे. जुना फॉन्ट नेमका तिथंच अडतो: त्याची किल्ली ज्याच्याकडे, त्यालाच मजकूर.

तर करायचं काय? जुनी फाइल मिळाली की आधी दोन ओळी नोटपॅडमध्ये चिकटवून पाहा. काहीच निवडता येत नसेल तर ते स्कॅन आहे. त्याला ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखणारं सॉफ्टवेअर, लागेल. इंग्रजी अक्षरं आली तर फॉन्टचं नेमकं नाव बघून त्याचाच परिवर्तक, म्हणजे मजकूर युनिकोडमध्ये बदलणारं साधन, वापरा, आणि मग 'स्थिती', 'वर्षी', 'दऱ्या' हे तीन शब्द तपासा. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराआधी टाइप होते, युनिकोडमध्ये नंतर. 'स्थि'मध्ये तिला दोन व्यंजनं ओलांडावी लागतात आणि परिवर्तक तिथं ठेचकाळतो. रफाराचं उलट: जुन्यात शेवटी, युनिकोडमध्ये आधी. मूळ फाइल मात्र पुसू नका. परिवर्तकानं गिळलेलं अक्षर परत तिथूनच मिळतं.