न्यूयॉर्कचा कौल आणि आल्बनीच्या चाव्या

(दृश्य: जूनमधली मतपत्रिका, अगदी जवळून)

डावीकडे उमेदवारांची नावं, एकाखाली एक. प्रत्येक नावापुढे पाच लंबगोल: पहिली पसंती, दुसरी, थेट पाचवीपर्यंत. 24 जून 2025 रोजी न्यूयॉर्क शहरात महापौरपदासाठी पक्षाचा उमेदवार ठरवायला डेमोक्रॅटिक पक्षाच्या नोंदणीकृत मतदारांनी ही पत्रिका भरली. जोहरान ममदानींची भाषणं आणि व्हिडिओ जगभर गाजले, पण त्यांचा विजय समजून घ्यायचा तर आधी हा कागद वाचावा लागतो.

मोजणी अशी होते. पहिल्या पसंतीची निम्म्याहून जास्त मतं कुणालाच नसली, की तळातला उमेदवार बाद आणि त्याची मतं त्या-त्या मतदाराच्या पुढच्या पसंतीला. एकाच नावापुढे पाचही लंबगोल रंगवले तरी मत एकच. मतदारानं पसंती दिलेली सगळी नावं बाद झाली, तर ते मत शेवटच्या फेरीत धरलंच जात नाही. म्हणून इथं प्रतिस्पर्ध्याच्या समर्थकांना दुखवून चालत नाही. ममदानी आणि दुसरे एक उमेदवार ब्रॅड लँडर यांनी हे ओळखलं आणि मतदारांना सांगितलं: एक नंबर मला, दोन नंबर याला. पहिल्या फेरीत ममदानी सुमारे 44 टक्के, न्यूयॉर्क राज्याचे माजी गव्हर्नर अँड्र्यू कुओमो 36, लँडर 11. शेवटच्या फेरीत ममदानी 56 टक्क्यांवर. कुओमोंनी मात्र अशी जोडी जमवली नव्हती.

(दृश्य: दारोदार फिरणारे कार्यकर्ते)

आता पैसा. शहरात राहणाऱ्या माणसानं दिलेल्या देणगीतल्या पहिल्या 250 डॉलरपर्यंत दर डॉलरमागे पालिका आठ डॉलर घालते. म्हणजे 250 चे होतात 2,250. अट अशी, की महापौरपदाच्या उमेदवाराकडे शहरातले किमान 1,000 देणगीदार हवेत आणि त्यांच्याकडून अडीच लाख डॉलर. शिवाय खर्चाला कमाल मर्यादा. मार्चमध्येच ममदानींची झोळी या मर्यादेपर्यंत भरली आणि त्यांनी जाहीर करून टाकलं: पैसे पुरे, आता वेळ द्या. उमेदवारानं स्वतःहून ‘देणगी नको’ म्हणावं, हे प्रचारात क्वचितच ऐकू येतं! समोर कुओमोंच्या बाजूनं स्वतंत्र गटांनी जाहिरातींवर कोट्यवधी डॉलर ओतले. टीव्हीवर ते दिसत होते. जिना चढून दार वाजवायला माणसं ममदानींकडे होती.

4 नोव्हेंबरच्या मुख्य निवडणुकीत पसंतीक्रम नव्हता. एकच मत, ज्याला जास्त तो विजयी. कुओमो अपक्ष उभे राहिले, रिपब्लिकन कर्टिस स्लिवा हटले नाहीत. स्लिवांमुळे मतं फुटली म्हणून ममदानी आले, असं म्हणणाऱ्यांनी आकडे पाहावेत: ममदानी 50 टक्क्यांच्या वर, कुओमो सुमारे 41, स्लिवा 7. दोघांची बेरीजही कमीच भरते. 20 लाखांहून जास्त मतदान झालं; 1969 नंतर एवढं कधी नव्हतं. शहराला पहिला मुस्लिम आणि पहिला दक्षिण आशियाई महापौर मिळाला.

(दृश्य: भाडेकरूंच्या इमारती, मग बस)

आश्वासनं तीन ठळक, पण तिन्हींच्या चाव्या वेगवेगळ्या खिशात.

भाडेवाढ गोठवणं महापौराच्या सर्वांत जवळ. सुमारे 10 लाख भाडेनियंत्रित घरांची भाडेवाढ नऊ सदस्यांचं मंडळ ठरवतं, आणि ते सदस्य महापौर नेमतो. 2015, 2016 आणि 2020 मध्ये एक वर्षाच्या करारांवर शून्य टक्के वाढ दिली गेली होती. तरी मंडळाला कर, इंधन, देखभाल यांचे खर्च तपासावेच लागतात. नुसत्या घोषणेवर निर्णय घेतला तर तो कोर्टात अडकू शकतो. जुन्या इमारतींचे मालक दुरुस्ती थांबवतील, ही भीतीही पोकळ नाही.

मोफत बस? बस चालवणारी एमटीए ही राज्याची संस्था. 2023-24 मध्ये पाच मार्गांवर प्रयोग झाला, प्रवासी वाढले, मग तो बंद झाला. ममदानींच्या प्रचाराचा अंदाज वर्षाला सुमारे 70 कोटी डॉलरचा.

मोफत बालसंगोपनाचा खर्च त्याहून कितीतरी मोठा. त्यासाठी कंपनीकर 11.5 टक्क्यांवर न्यायचा आणि 10 लाख डॉलरवरच्या उत्पन्नावर 2 टक्के जादा कर लावायचा. हे दोन्ही कर राज्याच्या राजधानीतलं, म्हणजे आल्बनीतलं विधिमंडळ लावतं, पालिका नाही. गव्हर्नर कॅथी होकुल यांनी ममदानींना पाठिंबा दिला, पण उत्पन्नकर वाढवायला नकार कायम ठेवला.

(दृश्य: अमेरिकेचा नकाशा)

‘अमेरिका डावीकडे वळली’ हा निष्कर्ष मात्र घाईचा. त्याच दिवशी व्हर्जिनियात अॅबिगेल स्पॅनबर्गर आणि न्यू जर्सीत मिकी शेरिल, दोघी मध्यममार्गी डेमोक्रॅट, गव्हर्नरपदाच्या निवडणुकीत आरामात जिंकल्या. मिनीॲपोलिसमध्ये महापौरपदाच्या लढतीत ममदानींसारखाच डाव्या विचारांचा ओमर फतेह हरला. सिएटलमध्ये महापौरपदावर डाव्या विचारांच्या केटी विल्सन जेमतेम निसटत्या फरकानं आल्या. या सगळ्या प्रचारांत महागाई होती. भाडं, वीजबिल, किराणा यांवर बोट ठेवणं आता पक्षातल्या दोन्ही गटांना जमू लागलंय. उपायांवर त्यांचं एकमत नाही.

राज्याचं आर्थिक वर्ष 1 एप्रिलला सुरू होतं, म्हणजे करांची खरी घासाघीस त्याआधीच्या तीन महिन्यांत. आणि नोव्हेंबर 2026 मध्ये होकुल यांनाच मतं मागायची आहेत, ज्यांनी ममदानींना निवडलं त्या 10 लाखांहून अधिक मतदारांच्या दारात.