पाण्याचा दिवस सोडून

(पहाटेचे साडेपाच. हुतात्मा बागेचं फाटक, मागे भुईकोट किल्ल्याचा बुरूज. माणसं आत जात आहेत. कॅमेरा एकाच जागी थांबलेला.)

पाच वाजल्यापासून आम्ही इथं उभे आहोत. मे महिना आहे. सोलापुरात या दिवसांत चालायचं तर सूर्याला गाठायचं नसतं, टाळायचं असतं. सातनंतर ऊन चावायला लागतं, दुपारी पारा चाळिशीच्या पुढं. घाम वाळतो म्हणून अंग गार राहतं हे खरं, पण इथल्या कोरड्या हवेत तो इतक्या झटकन वाळतो की अंगातलं किती पाणी गेलं याचा पत्ताच लागत नाही. म्हणून गर्दी आत्ताच आहे. कानटोपी काढायला तयार नसलेले आजोबा, साडीखाली स्पोर्ट्स शूज घातलेल्या मावश्या, फोनवर मोठ्यानं बोलत चालणारा एक गृहस्थ.

फक्त ज्यांच्यासाठी आलो ते नाहीत. फोन लावला तर पलीकडून बादलीचा आवाज.

"आज पाणी आलंय वो. तुम्ही घरीच या."

(दृश्य: जुन्या चाळीचा अरुंद जिना. दोन्ही हातांत बादल्या घेऊन चढणारा पन्नाशीचा माणूस.)

हे दिवाणजी. टॉवेल-चादरींच्या एका दुकानात हिशेब लिहितात. लिहितात म्हणजे आता संगणकात भरतात, पण दुकानात नाव दिवाणजीच राहिलं. तीस वर्षं बैठं काम. या शहरात नळाला रोज पाणी येत नाही. काही दिवसांआड येतं, आणि येतं तेव्हा घरातल्या प्रत्येकाचं वेळापत्रक त्याच्या ताब्यात जातं. व्यायामाचंसुद्धा.

दिवाणजींची ही तिसरी सुरुवात आहे. पहिली एका १ जानेवारीची. वर्षाची फी एकदम भरली, अकरा दिवस गेले. ती जिम आता घरी फक्त टोमण्यापुरती उरली आहे. दुसरी सुरुवात मुलानं पुण्याहून आणलेल्या घड्याळानं झाली. रोज दहा हजार पावलं. पहिल्याच आठवड्यात गुडघा धरला.

या दहा हजाराची गंमत सांगायला हवी. टोकियो ऑलिंपिक १९६४ मध्ये झालं. त्यानंतर १९६५ मध्ये जपानमध्ये पावलं मोजणारं एक छोटं यंत्र विकायला आलं. त्याचं नाव होतं मानपो-केई, म्हणजे 'दहा हजार पावलांचं मापक'. आकडा गोल होता, लक्षात राहणारा होता, म्हणून जगभर चिकटला. आधी नाव आलं, संशोधन फार नंतर. जागतिक आरोग्य संघटना पावलं सांगतच नाही. ती सांगते आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रमाचा व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारं काहीतरी. मध्यम म्हणजे काय? चालता चालता गप्पा मारता येतात, पण गाणं म्हणता येत नाही.

(दृश्य: रात्र. गल्लीत दिवाणजी आणि त्यांची पत्नी. शेजारी ओट्यावर बसलेले.)

तिसऱ्या सुरुवातीला मुहूर्त नव्हता. दिवाळीनंतर तपासणीत शुगर बॉर्डरवर निघाली. डॉक्टरांनी गोळी लिहिली नाही, चालायला सांगितलं. आणि या वेळी दिवाणजींनी शहाणपणा केला तो एकच: नवीन वेळ शोधली नाही. जेवण तर रोज होतंच. हात धुतले की बायकोबरोबर गल्लीत दहा मिनिटं. बस.

शेजारचा मित्र ओट्यावरून ओरडला, "काय करूलालास बे? दहा मिनिटांत काय होतंय?"

होतं. चालताना मांड्यांचे, पोटऱ्यांचे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात, आणि त्यासाठी त्यांना नेहमीइतकं इन्शुलिन लागत नाही. जेवणानंतर साखर वर चढत असते, नेमक्या त्याच वेळी हे घडतं. आपल्याकडं याला शतपावली म्हणत आले आहेत. घरोघरी म्हातारी माणसं करायची, आपण टीव्हीसमोर बसायला लागल्यावर सुटली.

(ज्यांना मधुमेहाची औषधं सुरू आहेत, किंवा चालताना छातीत भरून येतं, त्यांनी आधी डॉक्टरांना विचारायचं. हे एकदाच सांगतो.)

महिन्याभरानं सकाळची बाग सुरू झाली. मग बैठका. त्याही स्वयंपाकघरात. चहा उकळेपर्यंत ओट्याला धरून पाच. दुसऱ्या दिवशी काही वाटलं नाही, तिसऱ्या दिवशी जिना उतरताना कठडा धरावा लागला. न वापरलेल्या स्नायूंचं असंच असतं. दुखणं एक ते तीन दिवसांत चढतं आणि आपोआप उतरतं. पहिल्या जिमची गाडी याच दुखण्यावर अडली होती. या वेळी पाचाचे सहा व्हायला दोन आठवडे लागले.

(दृश्य: संक्रांतीची मिरवणूक. पांढऱ्या बाराबंदीतले मानकरी, आकाशात गेलेले नंदीध्वज. "एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र!")

खरं तर थोडं थोडं वजन वाढवत नेणं सोलापूरला नव्यानं शिकवायची गरज नाही. सिद्धरामेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत सात नंदीध्वज ६८ लिंगांच्या भेटीला निघतात. ती उंच, जड काठी उभी तोलत चालायची, गर्दीतून, वळणावळणानं. संक्रांतीच्या दिवशी सकाळी उठून कुणी ती उचलत नाही. यात्रेच्या कितीतरी आधी पोरं सरावाला लागतात. पहिल्या दिवशी काठी डोलते, पोरगं तिच्यामागं धावतं. काही आठवड्यांनी तेच पोरगं काठीला घेऊन चालतं. दंड तर अजून तेवढेच दिसतात. सुरुवातीची ताकद स्नायू फुगण्यातून येत नाही. कुठला स्नायू कधी आणि किती ओढायचा हे मज्जासंस्था शिकते, त्यातून ती येते. आरशात काही दिसत नाही म्हणून तिसऱ्या आठवड्यात सोडणाऱ्यांनी या पोरांकडं बघावं.

याच यात्रेनं दिवाणजींचा नेम मोडला. पाहुणे आले, जागरणं झाली, दुकानात गर्दी. नऊ दिवस काही नाही. पूर्वीचे दिवाणजी इथंच संपले असते.

लंडनमध्ये ९६ जणांवर एक अभ्यास झाला होता. छोटी सवय अंगवळणी पडायला किती दिवस लागतात, हे त्यात पाहिलं. सरासरी ६६ दिवस निघाली, पण कुणाला १८, तर कुणासाठी हिशेब थेट २५४ दिवसांवर गेला. एकवीस दिवसांचं जे सगळीकडं सांगतात, ते विसरा. आणि त्यात असंही दिसलं की एखादा दिवस चुकल्यानं सवय लागण्यात फारसा फरक पडत नाही.

नऊ दिवस म्हणजे एक दिवस नव्हे, हे मान्य. दहाव्या दिवशी ते बागेशी आले तेव्हा चहावाल्यानं एवढंच विचारलं, "कुठं गायब होता वो, मालक?" दिवाणजी म्हणतात, कुणीतरी विचारणारं आहे हे कळलं, लाज वाटली, आणि त्या दिवशी निम्म्याच फेऱ्या मारल्या. निम्म्याच मारल्या म्हणून दुसऱ्या दिवशीही येता आलं.

(दृश्य: लाल कापडी पुठ्ठ्याची लांबट वही. पानं उलटणारी बोटं.)

घड्याळ आता मुलाला परत गेलं आहे. त्याऐवजी ही वही, दुकानातल्या जुन्या रोजमेळासारखी. तारीख, फेऱ्या, बैठका, शेरा. जानेवारीतली नऊ पानं कोरी आहेत. फाडून का टाकली नाहीत, असं आम्ही विचारलं.

"रोजमेळाचं पान फाडत नसतात. रिकामं असलं तरी."

खालून हाक येते. "अहो, पिंप भरला. मोटर बंद करा!" दिवाणजी उठतात, जिना उतरतात, कठड्याला हात न लावता. वर येऊन शर्टाला हात पुसतात, वही ओढून आजच्या तारखेपुढं लिहितात:

पाणी. जिना, १८ खेपा.