मॅकडफला आधी रडू द्या

श्रोतेहो, नमस्कार. शेक्सपिअरच्या 'मॅकबेथ' नाटकात चौथ्या अंकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये असलेल्या मॅकडफ या स्कॉटिश सरदाराला बातमी कळते, की स्कॉटलंडची गादी बळकावलेल्या मॅकबेथच्या मारेकऱ्यांनी त्याच्या फाइफच्या वाड्यात शिरून त्याची बायको, मुले, नोकरचाकर सगळ्यांना कापून काढले. मॅकडफ ओरडत नाही. 'मुलेसुद्धा?' एवढेच तो विचारतो आणि उत्तर मिळाले तरी पुन्हा पुन्हा विचारत राहतो. राजपुत्र माल्कमला मात्र गेलेले राज्य परत मिळवायचे आहे, म्हणून या दुःखावरच तलवारीला धार लाव, असे तो लगेच सांगू लागतो.

आपल्या कोल्हापूरच्या केशवराव भोसले नाट्यगृहात, २०२४ साली ते आगीत सापडण्याच्या कितीतरी वर्षे आधी, मी एका हौशी संस्थेने केलेले हे नाटक पाहिले होते. माझ्या शेजारी एक आजी बसल्या होत्या. मंडईतून थेट आल्यामुळे त्यांची रिकामी बुट्टी पायांशीच होती, आणि शेवटच्या अंकात झाडाची फांदी घेऊन येणाऱ्या सैनिकांत त्यांचा नातू होता, तेवढ्यासाठीच त्या आल्या होत्या. बातमी ऐकताच मॅकडफने फेट्याचा शेमला तोंडावर ओढून घेतला. माल्कमने सूडाची भाषा सुरू केली, तशा आजी मोठ्याने म्हणाल्या, "अरं, आधी रडू दे की त्याला!"

कोणीही हसले नाही. माल्कम थांबला, मॅकडफ तसाच उभा राहिला, आणि त्या शांततेत त्याच्या हातातला शेमला थरथरताना मला सहाव्या रांगेतून दिसत होता. मग तो अगदी हळू म्हणाला, की तसे करीनच, पण माणूस म्हणून हे दुःख मला भोगलेही पाहिजे. हे वाक्य मूळ नाटकातच आहे, श्रोतेहो. आजींनी मागितले तेच शेक्सपिअरने आधी लिहून ठेवले होते.

अशी वाक्ये माईकवर गर्जून म्हणण्याची पद्धत मला मुळीच मान्य नाही. हे नाट्यगृह १९१५ साली उघडले तेव्हा ध्वनिक्षेपक नव्हते आणि नट शेवटच्या रांगेपर्यंत पोचतच होते. मॅकडफचा राग त्या दुःखातूनच आला पाहिजे, कारण त्यात 'माझ्यामुळे गेली' ही बोचही आहे. घर उघडे टाकून तोच निघून गेला होता.

शेवटी फांद्या घेऊन सैनिक आले. नातू दोनदा समोरून गेला, पण आजींची नजर मॅकडफवरून हलली नाही.