पिंगुळीच्या पोथीतलं पान

मित्रहो, विषय दिलाय ‘कलेची प्रेरणा’. तिच्याकडे मी पिंगुळीच्या वाटेनं येणार आहे. सिंधुदुर्गातल्या कुडाळजवळचं हे गाव तुम्हाला माहीत आहे, तिथल्या ठाकर समाजाची चित्रकथी, म्हणजे चित्रं दाखवत गाऊन कथा सांगण्याची कला, कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या बाहुल्या, सगळं माहीत आहे. गुरांच्या गोठ्यात या कलेचं संग्रहालय उभं करणाऱ्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ती बातमी वाचली असेल. म्हणून ओळख करून देण्यात वेळ घालवत नाही.

आधी एक तक्रार. गेली कित्येक वर्षं चित्रकथीची चित्रं सुटी विकली जातात, काचेच्या फ्रेममध्ये बसतात आणि आपण त्यांना ‘जपलं’ म्हणतो. आता ते पान नीट बघा. दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली असतात. कागदाला एकाच अंगानं खळ आणि रंग लागला की सुकताना तो त्या अंगाला आकसतो आणि कोपरे वळतात. पाठमोरे दोन कागद एकमेकांची ओढ तोलून धरतात. पान सपाट राहतं, जाड होतं आणि खालून धरलं तरी मान टाकत नाही. कथा सांगताना ते उभं राहिलं पाहिजे, म्हणून ही सगळी खटपट. फ्रेम केली की मागचा प्रसंग पुठ्ठ्याला तोंड लावून कायमचा बसतो. त्याहून वाईट म्हणजे, एकाची दोन चित्रं करायची म्हणून पान भिजवून सोलतात. डिंकात कालवलेला रंग पाण्यानं सुटतो, रेघ फुटते आणि दोन्ही चित्रं हातची जातात. शिवाय पोथी, म्हणजे एका कथेच्या चित्रांचा संच, मोडते ती वेगळीच. एका आख्यानाची तीस-चाळीस, कधी त्याहून जास्त चित्रं. त्यातलं एक भिंतीवर गेलं की गाणाऱ्याच्या कथेत तेवढं भगदाड पडतं.

काचेआडचं चित्र बघून विद्यार्थी विचारतात, डोळे एवढे मोठे का? चेहरे एका बाजूनंच का? अहो, हे चित्र रात्री देवळात, दिव्याच्या उजेडात दाखवायचं. मांडी घालून बसलेला माणूस दहा-पंधरा फुटांवर. त्या पिवळ्या उजेडात निळा आणि हिरवा दोन्ही काळपट दिसतात, तांबडा आणि पिवळा तग धरतात. कोण कोणाकडे बघतोय हे लांबून कळायला डोळा मोठा हवा, नाकाची कड स्पष्ट हवी. रंग सपाट भरून वर काळी रेघ ठसठशीत हवी. मागं अरण्य, रात्र, वारा काढत बसायचं कारण नाही. ते वीणा, टाळ आणि हुडुक या लहान हातढोलकीच्या साथीनं गळा सांगतो. हातात धनुष्य घेऊन दोन वीर समोरासमोर उभे असतात. बाण सुटतो तो गाणाऱ्याच्या आवाजात.

वेळ संपत आल्याची चिठ्ठी आली आहे, तेव्हा मूळ मुद्दा भरभर सांगतो. प्रेरणा सुचत नाही म्हणून कोऱ्या कागदापुढे बसून राहणाऱ्यांनी चित्राला आधी काम द्यावं: कोणाला, कुठे, किती लांबून, कशाच्या उजेडात दाखवायचं. मग निम्मे निर्णय आपोआप होतात.

करून बघायचं असेल तर दहा मिनिटांची एक गोष्ट घ्या. आधी ती मोठ्यानं सांगा. जे आवाजात नीट येतं ते चित्रातून वगळा. उरलेल्याची आठ चित्रं करा, म्हणजे चार पानं. चिकटवताना दोन्ही कागदांचे धागे, म्हणजे कागदातले तंतू, एकाच दिशेला ठेवा, नाहीतर पान पिळवटतं. खळ पातळ लावा आणि रात्रभर वजनाखाली ठेवा. चिकटवण्याआधी रंग पुरता सुकू द्या, ओला राहिला तर वजनाच्या कागदाला चिकटतो. मग दिवे घालवून एकच समई लावा आणि मित्राला पंधरा फुटांवर बसवा. कोण कोणाकडे बघतोय हे त्याला सांगता आलं नाही तर रेघ जाड करा. नवे रंग आणायला धावू नका.

आणि पान उलटताना गाणं थांबतंय का ते बघा. थांबत असेल तर पानं कमी करा.