पुसण्यासाठी काढलेलं चित्र

(दृश्य: चिमटीतून सुटणारी वाळू)
आपण रांगोळी सोडतो तशीच ही वाळू अंगठा आणि तर्जनीमधून सुटते. जागा अमेरिकेच्या नैर्ऋत्येला, ॲरिझोना आणि न्यू मेक्सिकोच्या पठारावर. नावाहो या तिथल्या मूळनिवासी लोकांचं होगान, म्हणजे पूर्वेला दार असलेलं घर. आजाऱ्याला बरं करण्याच्या विधीत हे वाळूचं चित्र काढतात. विधी चालवतो तो हताली. या शब्दाचा अर्थ 'गाणारा'. तो रात्ररात्र गातो आणि चित्र त्या गाण्याबरोबर चालतं.

(दृश्य: दगडावर रंग वाटताना)
पांढरा जिप्समचा, लाल वालुकाश्माचा, पिवळा पिवळ्या मातीचा. काळ्यासाठी कोळसा. पण नुसता कोळसा हलका, तो उडतो आणि रेघ फाटते. म्हणून त्यात वाळू मिसळतात. निळा म्हणतात तो कोळसा आणि जिप्समचा राखाडी रंग. लाल-पिवळ्याशेजारी तो निळा भासतो. बहुतेक विधींत पूर्व पांढरी, दक्षिण निळी, पश्चिम पिवळी, उत्तर काळी.

(दृश्य: मध्यापासून बाहेर वाढणारं चित्र)
आधी वाळूचा थर अंथरून मागाच्या लाकडी फळीने सपाट करतात. सुरुवात मध्यापासून. देवतेचं अंग पूर्ण काढायचं, मग त्यावर वस्त्रं चढवायची. चूक झाली तर खरवडत नाहीत. थराच्याच रंगाची वाळू वर टाकून रेघ पुन्हा ओढतात. शेवटी तीन बाजूंनी इंद्रधनुष्य. पूर्व मोकळी.

(दृश्य: पूर्ण झालेलं चित्र, वरून)
हे चित्र प्रात्यक्षिकाचं आहे. त्यात काही रंग आणि आकृत्या मुद्दाम बदलल्या आहेत, आणि ते योग्यच आहे. अशा चित्राला ईकाह म्हणतात: देव येतात-जातात ती जागा. खऱ्या विधीतली ईकाह कॅमेऱ्यासाठी मांडायची नसते.

खऱ्या विधीत रुग्ण चित्रावरच बसतो. हताली ओल्या तळव्याने देवतेच्या पायांची वाळू उचलतो आणि रुग्णाच्या पायांना लावतो. मग हात, छाती, डोकं. देवतेचं बळ रुग्णात यावं, रुग्णाचं दुखणं वाळूने घ्यावं, यासाठी. म्हणूनच चित्र जपून ठेवायचं नाही. दिवसा काढलेलं सूर्यास्ताआधी मोडतात.

(दृश्य: रिकामं होगान)
नऊ रात्रींचा मोठा विधी फक्त थंडीत, साप बिळात गेल्यावर. शिकायला वर्षं लागतात. काही विधी आता पूर्ण कुणालाच येत नाहीत.

(दृश्य: वाळूची झोळी, दाराबाहेर)
वाळू होगानच्या उत्तरेला नेऊन टाकतात.