नायट्रिक आम्लातले शांत पोलाद

एमरी पेपरने घासलेला, अ‍ॅसिटोनने पुसलेला आणि मिलिग्रॅमपर्यंत तोललेला साध्या पोलादाचा हा तुकडा विरल हायड्रोक्लोरिक आम्लात सोडला आहे. त्याच्या पृष्ठभागावरून उठणारे बुडबुडे हायड्रोजनचे आहेत. जसजसा तो वायू सुटतो, तसतसे लोखंड विरघळून द्रावणात उतरते आणि द्रावणाला फिकट हिरवी छटा येते. शेजारच्या अ‍ॅसिटिक आम्लात बुडबुडे तुरळक आहेत, पण झीज तिथेही चालूच आहे.

आता फ्यूम हूडच्या, म्हणजे घातक वायू ओढून बाहेर टाकणाऱ्या कपाटाच्या, काचेआड पाहा. विरल नायट्रिक आम्लात पडताच पोलाद खदखदू लागते आणि तपकिरी धूर उसळतो. मात्र तेच पोलाद सुमारे ७० टक्के तीव्रतेच्या आम्लात टाकले, की क्षणभराच्या हालचालीनंतर सारे थांबते. रसायनशास्त्रज्ञ जेम्स कीर यांनी १७९० मध्ये या विचित्र वर्तनाची नोंद केली होती आणि १८३६ मध्ये रसायनशास्त्रज्ञ श्योनबाइन व शास्त्रज्ञ मायकेल फॅराडे यांनी त्यावर पत्रव्यवहार केला. धातूवर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर बसून आम्लाची वाट अडते, हे फॅराडे यांचे अनुमान पुढे मान्य झाले. असा निष्क्रिय झालेला तुकडा अलगद उचलून विरल आम्लात ठेवला, तरी तो शांत राहतो. काचेच्या कांडीने त्याच्यावर एकच ओरखडा काढला आहे. पुन्हा तपकिरी धूर.

म्हणूनच केवळ आम्लाचे नाव सांगून पोलाद टिकेल की नाही, हे ठरवता येत नाही. तीव्रता, तापमान आणि प्रवाहाचा वेगही सांगावा लागतो. ९८ टक्के सल्फ्युरिक आम्ल साध्या पोलादाच्या टाक्यांत साठवतात, कारण आतून फेरस सल्फेटचा, म्हणजे लोखंड व आम्ल यांच्यापासून बनलेल्या क्षाराचा, थर बसतो. पाणी शिरून आम्ल विरल झाले, की तो थर विरघळतो, पत्रा झिजतो, आणि साचलेला हायड्रोजन वेल्डिंगच्या ठिणगीने पेटू शकतो.

शेवटी तुकडे धुऊन, वाळवून पुन्हा तोलले जातात. वजनातील घटीला क्षेत्रफळ, कालावधी आणि पोलादाची घनता, म्हणजे दर घन सेंटिमीटरला ७.८५ ग्रॅम, यांच्या गुणाकाराने भागले, की वर्षाला किती मिलिमीटर झीज होईल ते कळते. हा आकडा सरासरीचा असतो. एखाद्याच ठिकाणी पडलेला खोल खड्डा त्यात दिसत नाही, त्यामुळे प्रत्येक तुकडा सूक्ष्मदर्शकाखालीही तपासला जातो.