लॅपटॉपमधलं लिंकिंग

(राष्ट्रीय ग्राहक दिनानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

समोर बरेच शेतकरी दिसतायत, म्हणजे माझं निम्मं काम झालं. युरियाची टंचाई असली की कृषी सेवा केंद्रात काय चालतं, ते तुम्हाला मी काय सांगणार? दोन गोण्या युरिया हवा, तर सोबत सूक्ष्म अन्नद्रव्याचा डबा घ्या. "घ्यायलाच पाहिजे का?" "वरूनच लिंकिंग आहे, दादा." मग तो डबा गोठ्यात धूळ खात पडतो. (हशा)

माझ्या लॅपटॉपातही असाच एक डबा आला. मी लिनक्सवाला, म्हणजे विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत संगणक प्रणाली वापरणारा, पण मला हवं ते मॉडेल विंडोज भरूनच मिळत होतं. पहिल्यांदा चालू केलं की तो लांबलचक करार येतो. कुणी वाचत नाही, मी वाचला. आमची ही म्हणते, हे लग्नपत्रिकासुद्धा छापखान्याच्या नावापर्यंत वाचतात. तर करारात होतं, अटी मान्य नसतील तर वापरू नका, परत करण्याबद्दल उत्पादकाला विचारा. विचारलं, विंडोजचे पैसे परत द्या म्हणून! मदतकेंद्रातली मुलगी म्हणाली, "सर, विंडोज चालत नाहीये का?" "चालतंय. मला नकोय." "मग प्रॉब्लेम काय आहे, सर?" तिनं दुसऱ्याकडे दिलं, त्यानं तिसऱ्याकडे. तिसरा म्हणाला, अख्खा लॅपटॉप परत करा. "अहो, डबा नको म्हटलं तर युरियाही ठेवून जाऊ?" त्या बिचाऱ्याला युरिया कुठून आला तेच कळेना.

दुकानदार मात्र दिलदार. "काका, पुढच्या वेळी विंडोज नसलेला, डॉसवाला घ्या, स्वस्त पडतो. विंडोज मी टाकून देतो, फुकट." म्हणजे चोरीचं! नको म्हणणाऱ्याला परतावा नाही आणि चोरणाऱ्याला घरपोच सेवा.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. अहो, विषयाला आत्ता कुठे हात घातलाय! असो, पळवतो.

विंडोज बनवणाऱ्या मायक्रोसॉफ्टचे एकेकाळी संगणक कंपन्यांशी करार असे होते की यंत्रात त्यांची प्रणाली घाला न घाला, यंत्रामागे पैसे द्यायचेच. अमेरिकी सरकारशी १९९४ मध्ये झालेल्या तडजोडीत ते थांबलं. १५ फेब्रुवारी १९९९ ला कॅलिफोर्नियात लिनक्सवाले परतावा मागायला थेट मायक्रोसॉफ्टच्या कार्यालयावर गेले. कंपनीचं म्हणणं, ज्यानं संगणक बनवला त्याच्याकडे जा. इटलीच्या सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये एचपीविरुद्धच्या खटल्यात परताव्याचा हक्क मान्य केला. पुढे तिथेच लेनोव्होनं एका ग्राहकाचे ४२ युरो द्यायला लागू नयेत म्हणून अपील केलं, तर मोंझाच्या न्यायालयानं २०२० मध्ये वर २०,००० युरो भरायला लावले. (टाळ्या) थांबा, उलटंही आहे. सोनीविरुद्ध गेलेल्या एका फ्रेंच ग्राहकाला युरोपीय न्यायालयानं २०१६ मध्ये सांगितलं की प्रणाली भरून विकणं मुळात गैर नाही, आणि तिची किंमत वेगळी दाखवायचीही गरज नाही.

पहिलं मला पटतं. बहुतेकांना पेटी उघडून लगेच चालणारंच यंत्र हवं असतं, आणि कंपन्या घाऊक घेतात म्हणून प्रणाली स्वस्तही पडत असेल. विका की एकत्र! दुसरं नाही पटत. बिलात दोन ओळी छापा, यंत्राचे एवढे, प्रणालीचे एवढे. युरियाबरोबरच्या डब्यावर किंमत तरी छापलेली असते.

दुसरी चिठ्ठी. तो लॅपटॉप ना? हिच्याकडे आहे. विंडोजवर चालतो.